राफाएला सिल्वाच्या लढती : आंतरराष्ट्रीय ज्युदो महासंघाच्या सामना-संग्रहाचे परीक्षण

एखाद्या खेळाडूची कारकीर्द समजून घ्यायची असेल तर बहुतेक वेळा आपल्या हाती पदकांची यादी येते आणि त्या यादीतून जे कळते तेवढ्यावर समाधान मानावे लागते. ब्राझीलच्या राफाएला सिल्वाच्या बाबतीत माझेही अनेक वर्षे असेच झाले होते. २०१६ सालच्या रिओ ऑलिम्पिकमध्ये ५७ किलो वजनी गटात तिने सुवर्णपदक जिंकले, यजमान देशाचे त्या स्पर्धेतले ते पहिले सुवर्ण होते आणि ती सिदादे दे देउस या गरीब वस्तीत वाढली, एवढी माहिती मला होती. पण ती मॅटवर कशी लढते हे मी कधीच नीट पाहिले नव्हते. आंतरराष्ट्रीय ज्युदो महासंघाच्या संकेतस्थळावर प्रत्येक खेळाडूचे स्वतंत्र पान असते, तिच्या लढतींची नोंद असते आणि त्यांतील अनेक नोंदींना चित्रफीतही जोडलेली असते. गेले काही आठवडे मी रोज रात्री या संग्रहाच्या आधारे राफाएलाच्या लढती क्रमाने पाहत आहे. त्या अनुभवावरून या सेवेविषयी सविस्तर लिहावे असे वाटले.

या सेवेचे सर्वांत मोठे मोल माझ्या मते असे की ती पराभवही तितक्याच निष्ठेने जपून ठेवते. पूर्वी मी खेळांच्या चित्रफिती दाखवणाऱ्या एका सशुल्क अॅपचा वर्गणीदार होतो. तेथे प्रत्येक लढतीतून फक्त निर्णायक फेक कापून, तिला ढोलताशासारखे संगीत लावून, अर्ध्या मिनिटात सारे संपवले जात असे. अशा तुकड्यांतून विजेत्याचा डाव दिसतो, पण तो डाव लागण्यापूर्वी तीन मिनिटे चाललेली पकडीची झटापट दिसत नाही, आणि ज्युदोमध्ये खरा निकाल तेथेच लागत असतो. महासंघाच्या संग्रहात लढत आरंभीच्या नमस्कारापासून शेवटच्या नमस्कारापर्यंत पाहता येते, आणि खाली गुणफलक चालू असल्यामुळे कोणत्या क्षणी कोणाला दंड झाला हेही समजते.

ज्यांनी ज्युदो कधी पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगणे आवश्यक आहे. कुस्तीतील चितपटीला ज्युदोमध्ये इप्पोन म्हणतात. प्रतिस्पर्ध्याला जोराने, वेगाने आणि नियंत्रणासह पाठीवर पाडले, त्याला ठरलेला वेळ जमिनीवर दाबून धरले, किंवा हाताच्या सांध्यावरील वा गळ्यावरील पकडीने हार मानायला लावले की लढत तेथेच संपते. त्याहून कमी प्रतीच्या फेकीला वाझा-आरी मिळते. निष्क्रियता, पकड टाळणे, मॅटबाहेर पाऊल टाकणे अशा चुकांसाठी शिदो नावाचा दंड असतो, आणि गंभीर नियमभंगाला हान्सोकु-माके म्हणजे थेट बाद ठरवणे ही शिक्षा आहे. निर्धारित वेळेत निकाल लागला नाही तर गोल्डन स्कोअर सुरू होतो, ज्यात पहिला गुण मिळवणारी खेळाडू जिंकते. एवढे शब्द लक्षात ठेवले तर हा संग्रह कोणालाही पाहता येईल.

मी काही वर्षे मॅटवर घालवली आहेत, त्यामुळे माझी नजर पहिल्यांदा खेळाडूच्या हातांकडे जाते. राफाएलाची लढत पाहताना पडद्याचा वेग अर्ध्यावर आणून मी तिच्या बोटांकडे पाहत राहिलो. प्रतिस्पर्धी बाहीचे टोक धरायला हात पुढे करते, राफाएला मनगट झटकून ती पकड मोडते आणि त्याच हालचालीत कॉलरकडे हात नेते. हात पोहोचत नाही, पुन्हा मागे येतो, पुन्हा पुढे जातो. वरवर पाहणाऱ्याला वाटेल की दोघी नुसत्या हात झाडत आहेत. प्रत्यक्षात जिला आपल्या मनाजोगती पकड आधी मिळेल तिचाच डाव लागणार असतो, आणि ही गोष्ट पूर्ण लढत पाहिल्याशिवाय कोणीही शब्दांनी पटवून देऊ शकत नाही.

राफाएलाचा जन्म २४ एप्रिल १९९२ चा. याच वर्षी बार्सिलोना येथे महिलांचा ज्युदो प्रथमच पदकांसह ऑलिम्पिकमध्ये आला. हा योगायोग मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण तिच्या देशात १९६५ च्या एका सरकारी ठरावाने स्त्रियांना सर्व प्रकारच्या लढतींच्या खेळांस मनाई केली होती आणि ती मनाई १९७९ मध्ये उठली. म्हणजे राफाएलाच्या आईच्या पिढीतल्या मुलींना ज्युदोची वाट अधिकृतपणे बंद होती. महासंघाच्या संग्रहात त्या काळातील ब्राझीलच्या स्त्रिया का दिसत नाहीत, या प्रश्नाचे उत्तर संग्रहात नाही. ते इतिहासात शोधावे लागते.

वडिलांनी राफाएलाला आणि तिची बहीण राकेल हिला ज्युदोला घातले ते रस्त्यावरच्या भांडणांपासून दूर ठेवण्यासाठी. दोघी ज्या उपक्रमात घडल्या तो इन्स्टिट्यूटो रेअसांव, अथेन्स ऑलिम्पिकमधील कांस्यपदक विजेता फ्लाव्हियो कांतो याने स्थापन केलेला; आणि राफाएलाला घडवणारे प्रशिक्षक जेराल्दो बर्नार्देस. २००८ मध्ये ती कनिष्ठ गटाची विश्वविजेती झाली आणि २०११ मध्ये पॅरिसच्या जागतिक स्पर्धेत अंतिम फेरीपर्यंत पोहोचून जपानच्या आइको सातोकडून हरली. तेव्हा ती १९ वर्षांची होती. या टप्प्याविषयी अधिक लिहिण्याची गरज नाही. खरी कारकीर्द त्याच्या पुढच्या वर्षी, एका पराभवाने उलगडू लागते.

लंडन, २०१२. येथे एक सूचना द्यावी लागते. ऑलिम्पिक लढतींचे प्रक्षेपण हक्क आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीकडे असल्याने त्या चित्रफिती समितीच्या स्वतःच्या संकेतस्थळावर आणि यूट्यूब वाहिनीवर शोधाव्या लागतात. त्यामुळे महासंघाच्या नोंदी आणि समितीच्या चित्रफिती अशा दोन खिडक्या शेजारी उघडून बसणे हाच सोयीचा मार्ग आहे. थोडा खटाटोप आहे, पण तो करावा.

लंडनमध्ये राफाएलाची गाठ हंगेरीच्या हेडविग काराकासशी पडली आणि ती बाद ठरली. कारण होते पायाला हात घालणे. जुन्या ज्युदोमध्ये पायांना हात घालून फेकण्याचे अनेक डाव होते, पण २०१० पासून कमरेखाली थेट हाताने हल्ला करण्यास बंदी आली होती आणि त्यासाठी हान्सोकु-माके ठरलेला होता. ज्या खेळाडूंनी लहानपणापासून तो डाव घोटलेला होता त्यांच्या अंगातून तो दोन वर्षांत निघून जाणे सोपे नव्हते. तिच्या हाताने जी चूक केली ती स्नायूंच्या आठवणीतून झाली असावी असे मला ती लढत पाहताना वाटले. त्यात कपट कुठेच दिसत नाही. त्यानंतर तिच्या वाट्याला समाजमाध्यमांवर जे वर्णद्वेषी शिव्याशाप आले, त्यांनी ती इतकी खचली की ज्युदो सोडण्याच्या विचारापर्यंत आली. चित्रफितीत हे काहीच नाही. तेथे फक्त एक २० वर्षांची मुलगी मॅटवरून उतरताना दिसते, आणि त्या दृश्याला पुढचा सगळा संदर्भ जोडून पाहणाऱ्याने ते पाहायचे असते.

एका वर्षाने, २०१३ मध्ये, जागतिक स्पर्धा तिच्याच शहरात, रिओच्या माराकानाझिन्यो सभागृहात झाली. अंतिम लढतीत अमेरिकेच्या मार्टी मलॉयला हरवून ती जागतिक विजेतेपद मिळवणारी ब्राझीलची पहिली महिला ज्युदोपटू ठरली. एवढ्या थोड्या दिवसांत माणूस कसा सावरतो याचा विचार करत मी या चित्रफितीपाशी बराच वेळ थांबलो.

आता रिओ २०१६. माझा आग्रह असा की ८ ऑगस्टच्या या दिवसाच्या लढती उलट क्रमाने किंवा तुकड्यांत पाहू नयेत. पहिल्या फेरीत जर्मनीच्या मिरियाम रोपरला तिने एका मिनिटाच्या आत हरवले. पुढे दक्षिण कोरियाची किम जान-दी. मग उपउपांत्य फेरीत समोर पुन्हा तीच हेडविग काराकास. चार वर्षांपूर्वीची लढत आणि ही लढत लागोपाठ पाहिली, तर या संग्रहाचा खरा उपयोग समजतो. प्रतिस्पर्धी तीच, वजनी गट तोच, नियम मात्र आणखी कडक झालेले, कारण २०१३ पासून पायाला हात लावण्याची जी थोडी मुभा उरली होती तीही गेली होती. माझे लक्ष संपूर्ण लढतीत राफाएलाच्या हातांवर होते, आणि ते हात कमरेच्या वरच राहतात. पकडीसाठी ते कॉलरपाशी आणि बाहीपाशी झुंजत राहतात, संधी समोर असली तरी खाली जात नाहीत. लहानपणापासून अंगवळणी पडलेली सवय चार वर्षांच्या सरावाने मोडून तिथे नवी सवय बसवली गेली आहे, ही गोष्ट कोणत्याही गुणफलकावर लिहिलेली नसते.

उपांत्य फेरीत रुमानियाची कोरिना कॅप्रिओरियू, जी लंडनची रौप्यपदक विजेती होती. ही लढत निर्धारित चार मिनिटांत सुटली नाही आणि गोल्डन स्कोअरमध्ये गेली. त्या काळात महिलांची लढत चार मिनिटांची आणि पुरुषांची पाच मिनिटांची असे. गोल्डन स्कोअरला वेळेची मर्यादा नसते, त्यामुळे दोघींच्या खांद्यांची हालचाल जड होत जाते, पकड सुटल्यावर पुन्हा घेण्यास लागणारा वेळ वाढत जातो आणि पाहणाऱ्याचाही श्वास अडकतो. सभागृहातला आवाज या वेळी इतका चढलेला आहे की समालोचन ऐकू येईनासे होते. माझ्या दृष्टीने राफाएलाच्या त्या दिवसातली सर्वांत कठीण लढत हीच होती, अंतिम लढतीपेक्षाही.

अंतिम लढत मंगोलियाच्या सुमिया दोर्जसुरेनशी, जी तेव्हा जागतिक क्रमवारीत पहिली होती. राफाएलाने सुरुवातीलाच वाझा-आरी मिळवली आणि उरलेला वेळ ती आघाडी राखली. आघाडी राखणे हा शब्द ऐकायला निष्क्रिय वाटतो, पण ज्युदोमध्ये फार बचाव केला की शिदो मिळतात आणि दंड साचत गेले तर जिंकलेली लढत हातची जाऊ शकते. म्हणून आघाडीवर असलेल्या खेळाडूलाही अधूनमधून खरा हल्ला करावा लागतो आणि प्रत्येक हल्ल्यात उलट डाव बसण्याचा धोका पत्करावा लागतो. शेवटच्या मिनिटात राफाएला हे कसे करते ते पाहण्यासारखे आहे. वेळ संपल्यावर ती रडते, प्रेक्षकांत बसलेल्या आपल्या माणसांना जाऊन बिलगते, आणि ज्या प्रेक्षागृहाने सगळा दिवस पाय आपटून तिला साथ दिली त्या प्रेक्षागृहाचा आवाज चित्रफीत थांबवल्यावरही कानांत राहतो. जागतिक आणि ऑलिम्पिक अशी दोन्ही विजेतेपदे मिळवणारी ती ब्राझीलची पहिली ज्युदोपटू ठरली, पुरुष धरूनही.

त्यानंतरच्या काळात या सेवेची मर्यादा स्पष्टपणे जाणवते. २०१९ मध्ये लिमा येथील पॅन अमेरिकन स्पर्धेत तिने सुवर्ण जिंकले, पण तेथे घेतलेल्या नमुन्यात फेनोटेरॉल हे दम्याच्या औषधातील द्रव्य आढळले. एका सहकारी खेळाडूच्या तान्ह्या बाळाला हे औषध दिले जात होते आणि त्या बाळाशी खेळताना ते आपल्या शरीरात गेले, असे तिचे म्हणणे होते. ते मान्य झाले नाही. पदक काढून घेण्यात आले, दोन वर्षांची बंदी आली, आणि डिसेंबर २०२० मध्ये क्रीडा लवादाने ती कायम ठेवली. परिणामी टोकियो ऑलिम्पिक तिच्याविना झाले. सामन्यांच्या नोंदीत या सगळ्याचे रूप एवढेच, की एका तारखेनंतर दुसरी तारीख फार उशिरा येते. जो वाचक फक्त नोंदी चाळत असेल त्याला वाटेल की खेळाडू जखमी असावी. संग्रहाचे काम लढती जपणे एवढेच आहे हे मला मान्य आहे. तरीही अशा रिकाम्या जागेपाशी दोन ओळींची टीप असती तर ती वाचकाला आणि खेळाडूलाही न्याय देणारी ठरली असती.

या रिकाम्या जागेनंतर २०२२ ची ताश्कंदची जागतिक स्पर्धा येते, आणि तिच्या कारकिर्दीतील मला सर्वांत आवडलेले पान हेच. ३० वर्षांची राफाएला अंतिम लढतीत जपानच्या हारुका फुनाकुबोला हरवून पुन्हा विश्वविजेती होते. याच स्पर्धेत तिची समवयस्क सहकारी मायरा आगियार ७८ किलो गटात तिसऱ्यांदा विश्वविजेती झाली. मायराचे पानही सवडीने उघडावे. लंडन, रिओ आणि टोकियो अशा सलग तीन ऑलिम्पिकमध्ये कांस्यपदक आणि २०१४, २०१७, २०२२ अशी तीन जागतिक विजेतेपदे असा तिचा आलेख आहे. आणि तिथून मागे जात २००८ मध्ये बीजिंगला कांस्य मिळवणारी केटलेन क्वाद्रोस आणि २०१२ मध्ये ब्राझीलच्या महिला ज्युदोतील पहिले ऑलिम्पिक सुवर्ण जिंकणारी, पियाउई राज्यातल्या तेरेसिनाची सारा मेनेझेस यांच्याही लढती पाहाव्यात. एका खेळाडूच्या पानावरून दुसरीच्या पानावर जाणे या सेवेत सहज जमते, कारण प्रतिस्पर्ध्याच्या नावावरूनच तिच्या नोंदीपर्यंत पोहोचता येते. राफाएलापासून सुरुवात करून मी दोन रात्रींत फुनाकुबोच्या कितीतरी लढतींपर्यंत गेलो, आणि त्यामुळे पुढची पॅरिसची लढत मला वेगळ्याच नजरेने पाहता आली.

२०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये राफाएला उपांत्य फेरीत दक्षिण कोरियाच्या हुह मिमीकडून हरली आणि कांस्यपदकाच्या लढतीत समोर आली तीच फुनाकुबो. ही लढत राफाएला नियमभंगाच्या कारणाने हरली. डोक्याचा मॅटवर आधार घेतल्याबद्दल तिला बाद ठरवण्यात आले. हा नियम खेळाडूच्या मानेच्या सुरक्षेसाठी आहे आणि तो योग्यच आहे, पण लंडन ज्याने पाहिले आहे त्याला हा निर्णय जाहीर होताना पाहवत नाही. बारा वर्षांनी पुन्हा त्याच प्रकारे, पंचाच्या हाताच्या खुणेने, तिची वैयक्तिक ऑलिम्पिक मोहीम संपली. या लढतीचा निर्णायक क्षण मी सहा वेळा पाहिला. हल्ला खरा होता, वेग खरा होता, फक्त शरीराचा कल एका क्षणासाठी चुकला. पंचांचा निर्णय नियमानुसार आहे हे मला पटले, आणि तरीही वाईट वाटायचे राहिले नाही.

सेवेचे मूल्यमापन करायचे तर मी ती ज्युदो शिकणाऱ्या प्रत्येक मुलीला आणि तिच्या प्रशिक्षकाला निःसंकोच सुचवीन. चांगल्या खेळाडूची एकच लढत दहा वेळा पाहण्यापेक्षा तिच्या एकाच प्रतिस्पर्ध्याशी वेगवेगळ्या वर्षांत झालेल्या लढती पाहण्याने जास्त शिकायला मिळते, आणि ती सोय येथे आहे. ज्यांना खेळाच्या तांत्रिक बाजूत रस नाही, ज्यांना मुलाखती, घरची पार्श्वभूमी, प्रशिक्षकाशी असलेले नाते हे जाणून घ्यायचे आहे, त्यांची मात्र येथे निराशा होईल, कारण संग्रह मॅटच्या चौकटीबाहेर जात नाही. समालोचन इंग्रजीत असते; डावांची नावे जपानी असतात. पण लढती पाहताना मी आवाज बंद ठेवला, तेव्हा माझे काहीच अडले नाही. उलट लक्ष हातांवर राहिले. मोबाइलच्या छोट्या पडद्यावर पकडीचे तपशील हरवतात, म्हणून शक्य असेल तर संगणकावर पाहावे. जुन्या काळातील चित्रण विरळ आणि धूसर आहे, हेही गृहीत धरून बसावे.

आणि पाहण्याचा क्रम कांस्यपदकाच्या त्या वैयक्तिक लढतीपाशी थांबवू नये. काही दिवसांनी, ३ ऑगस्टला, मिश्र सांघिक स्पर्धेत ब्राझील आणि इटली यांच्यातील कांस्यपदकाचा सामना ३-३ असा बरोबरीत सुटला. अशा वेळी सोडतीने एक वजनी गट निवडला जातो आणि त्या गटातील तेच दोन खेळाडू थेट गोल्डन स्कोअरमध्ये लढतात. सोडतीत ५७ किलो गट आला. राफाएला पुन्हा मॅटवर चढली, समोर इटलीची वेरोनिका टोनियोलो. दोघी नमस्कार करतात, पंच लढत सुरू करण्याची आज्ञा देतो, आणि तिचे हात पुन्हा कॉलर शोधू लागतात. ती लढत राफाएलाने जिंकली, आणि संघाच्या कांस्यपदकावर ब्राझीलचे नाव लागले.